तोरणाखालची गिरकी

सासुरवाडीला जाताना मी आता गावाच्या फाट्यावर एस.टी.तून उतरत नाही. एक थांबा अलीकडे उतरतो, शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने चालत येतो आणि मागच्या दाराने घरात शिरतो. शालू, म्हणजे माझी बायको, फाट्यावर उतरून भर रस्त्याने ऐटीत जाते. ते तिचं माहेर आहे आणि तिने तिथे काही केलेलं नाही. जे काही केलं, ते मी केलं.

सुरुवात खांद्यापासून झाली. एके दिवशी सकाळी उजवा हात कानाच्या वर जाईना. शर्ट घालताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. अमरावतीच्या मोजणी कार्यालयात लोकांच्या धुऱ्यांचे नकाशे काढण्यात माझी हयात गेली. सरळ रेघ मारण्याबद्दल माझं नाव होतं. तीच रेघ आता वळवळायला लागली. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, मी ओरडलो, त्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि सांगितलं, ‘‘हात फिरवत राहा.’’ कशाभोवती फिरवायचा हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आमची आकांक्षा पुण्याला शिकते. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आली, तेव्हा तिच्या पिशवीतून दोन दोऱ्या निघाल्या. प्रत्येक दोरीच्या एका टोकाला मऊ गोळा आणि दुसऱ्या टोकाला बोट अडकवायला फास. ‘‘बाबा, याला पोई म्हणतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा खेळ. तुमच्या खांद्यासाठी एकदम बेस्ट.’’ आणि तिने गच्चीवर तो खेळ करून दाखवला. दोन्ही गोळे तिच्या दोन बाजूंना असे काही गोल फिरत होते की मी हातातला चहा विसरलो. मध्येच तिने गर्रकन गिरकी घेतली, पाठ माझ्याकडे केली, तरी गोळे आपले जिथल्या तिथे फिरतायत.

‘‘यात सगळं प्लेनवर असतं,’’ ती म्हणाली. ‘‘समजा तुमच्यासमोर काचेची भिंत आहे. गोळा त्या भिंतीवरच फिरला पाहिजे, इकडे नाही, तिकडे नाही. आणि गिरकी घेताना भिंत फिरवायची नाही. भिंत जागेवर राहते, आपण फिरून तिच्या पलीकडे जायचं.’’

हे मला तत्काळ पटलं. दोन शेतांमधली हद्द जागेवर राहते आणि मालक इकडचे तिकडे होतात, हे तर मी आयुष्यभर पाहत आलो होतो. मी तिला म्हटलं, ‘‘दे इकडे. सरळ रेघ हा माझा धंदा आहे.’’ पहिल्याच फेरीत गोळा जिथे लागला, त्या जागेचा उल्लेख घरंदाज लिखाणात करत नाहीत. दुसऱ्या फेरीत चष्मा गेला. तिसऱ्या फेरीच्या आधी आकांक्षा सुट्टी संपवून पुण्याला निघून गेली, ती माझ्यामुळे नव्हे असं शालूचं म्हणणं आहे.

आमच्या शेजारी शफीकभाई राहतात. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि दुनियेतल्या प्रत्येक विषयावर त्यांचं मत तयार असतं. दोन गच्च्यांमधल्या कठड्यावर कोपर टेकून त्यांनी माझा सराव पाहिला. ‘‘साहेब, ये तो अपनी बनेटी है! अकोटले आमचे मामू फिरवत, काठीच्या दोनी टोकाले आग लावून. तुमी खांद्यातून फिरवून राहिले, इथंच गलती आहे. कमरेतून फिरवा. लाओ, मी दाखवतो.’’ कठडा ओलांडून ते आले, कमरेतून फिरवलं, आणि त्यांच्या बोटातून निसटलेला गोळा त्यांच्याच आईने, बिस्मिल्लाबींनी, वाळत घातलेल्या बाजरीच्या खारोड्यांवरून उडी मारून खाली रस्त्यावर गेला. तिथे भाजीवाल्याचा ठेला उभा होता. गोळा वांग्यांत पडला आणि आम्ही खाली पोचेपर्यंत ठेला निघून गेला होता. कुणाच्या तरी घरी ते वांगं म्हणून गेलं असेल. मी अजून त्या गृहिणीचा विचार करतो.

मग नवे गोळे करायचे ठरले. आकांक्षाचे शाळेतले लांब मोजे शालूने काढून दिले. आत काय भरायचं यावर दोन्ही गच्च्यांवर चर्चा झाली. शफीकभाई म्हणाले, रेती. मी म्हटलं, ज्या जागांना लागतं त्यांचा विचार करा. शेवटी बिस्मिल्लाबींनी निकाल दिला, ‘‘सरकी भरो बेटा. नरम बी रायते, वजन बी रायते.’’ त्यांच्या बकरीसाठी सरकीचं पोतं घरात असायचंच. वजन थोडं कमी वाटलं म्हणून शालूने त्यात ढेपेचे, म्हणजे पेंडीचे, तुकडे कालवले. कपाशीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला ही कल्पना इतकी साधी वाटली की तिच्यात काही धोका असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

सरावाला बकरी रोज हजर राहू लागली. मी फिरवायला लागलो की ती जिन्याने वर यायची आणि एकटक बघत उभी राहायची. घरातलं माणूस पाहत नव्हतं, तिथे हा मुका जीव पाहतो, याने मला भरून यायचं. एक दिवस तिने उडी मारून मोज्याचा लचका तोडला. तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी मात्र शालूला सांगितलं, ‘‘पाहाय, तिलेबी खेयाची गोडी लागली.’’

पोळ्याच्या सुमाराला माझा हात कानाच्या वर जाऊ लागला. समोरची भिंत मला जमली. डावीकडून गिरकीही जमली. उजवीकडून मात्र जमेना. त्या बाजूने वळलो की खांदा आखडायचा, गोळा भिंत सोडून डोक्यावरून भलतीकडे जायचा. आकांक्षाने फोनवर बजावलं होतं, ‘‘बाबा, उजवीकडून लोकांसमोर वळायचं नाही.’’ मी हो म्हटलं होतं.

लोक कुठून आले, तर शालूने आईला फोनवर सहज सांगितलं की हे आजकाल व्यायाम करतात. माझ्या सासूबाई कौशल्याबाई यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावाला कळते. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे त्यांचं गाव आहे. त्या वर्षांत तिथे पोळ्याची रांग दरवर्षी आखूड होत चालली होती. कुणी जोडी विकून ट्रॅक्टर भाड्याने लावत होतं, कुणी नुसतीच विकत होतं. बैल कमी म्हटल्यावर पाहायला माणसंही कमी. म्हणून गावकऱ्यांनी ठरवलं की यंदा पोळा फुटायच्या, म्हणजे तोरण तोडून बैल सोडायच्या, आधी काहीतरी कार्यक्रम ठेवावा, आणि सूर्यभानजींचे जावई गोळे फिरवतात ते फिरवतील.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या गावात माझी एक जुनी जखम आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला माझ्या हाती बैलाचा कासरा दिला होता. बैल मला नाल्यापर्यंत घेऊन गेला आणि त्याच्या सोयीने परत घेऊन आला. गाव हसलं, त्याचं काही नाही. माझे सासरे, सूर्यभानजी, अजिबात हसले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या हातातून कासरा काढून घेतला आणि त्यानंतर मी आलो की ते गोठ्याचं दार लोटून घेतात. एवढ्या वर्षांत त्या घरात मला कुणी साधी बादलीसुद्धा उचलू दिली नाही. जावई म्हणून पाट, ताट, तूप सगळं मिळतं, काम तेवढं मिळत नाही. तेव्हा मी ठरवलं की गावाला एकदा दाखवायचंच.

सरकारी माणसाने चारचौघांत कला दाखवायची तर खात्याची परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला, विषय ‘गोळे फिरवणेबाबत’. अर्ज परत आला. हा खेळ आहे की कला, हे स्पष्ट करावे. मी लिहिलं, व्यायाम. पुन्हा परत आला. व्यायामास परवानगीची आवश्यकता नाही, तरी अर्ज का केला याचा खुलासा करावा. खुलासा मी अजून करतोच आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. त्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. गोठ्याचं दार चुकून उघडं राहिलं होतं, म्हणून मी उंबऱ्यात उभा राहून पाहत होतो. मामाजी, म्हणजे सासरे, वाटीतलं लोणी-हळद घेऊन बैलाचा खांदा चोळत होते. वर्षभर जिथे जू बसतं तिथे. त्यांची दोन बैलं, म्हातारा झालेला भिवऱ्या आणि त्याचा जोडीदार तहसीलदार. हे नाव गावाने ठेवलेलं. काही खायला घातल्याशिवाय तो जागचा हलत नाही. मामाजी दोघांच्या कानाशी लागून म्हणाले, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’ माझा खांदा ठणकत होता. खरं सांगायचं तर मला त्या बैलांचा हेवा वाटला.

मला पाहून मामाजी थांबले. ते फार बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले. ‘‘जावईबापू, यंदा तोरन तोडाचा मान आपल्या घराले आहे. इतकी वर्सं डोमाजीच्या घराकडे व्हता. त्यानं जोडी इकली. जोडी नाही त मान नाही. आमच्या बापाले नाही भेटला, आज्याले नाही भेटला.’’ ते भिवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ‘‘पुढच्या साली हा राहीन का नाही, कोन सांगावं. मंग आपलीबी जोडी मोडली. मनून मनतो, एकदाच हाय. तुमचं थे फिरवनं तोरनापासून जरासं लांब ठेवजा.’’

‘‘हाव जी, मामाजी. काही चिंता करू नोका,’’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आखराच्या मैदानावर गाव जमलं. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. रांग इतकी आखूड की तोरणाची दोरी दोन्हीकडे मोकळीच दिसत होती. बैलं मात्र नटलेली, शिंगांना बेगड, अंगावर झुली. तोरणाखाली मधोमध मानाची जोडी, म्हणजे आमचा भिवऱ्या आणि तहसीलदार, गळ्याशी एका दाव्याने बांधलेले. शेजारी मामाजी, नवा फेटा, हातात तोरण तोडायची काठी. मी त्यांना कधी नव्या फेट्यात पाहिलं नव्हतं. डोमाजी धुतलेलं धोतर नेसून मारोतीच्या पारापाशी उभे होते. त्यांच्याजवळ धरायला कासराच नव्हता, म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या आणि मला पुढे बोलावलं. मी तोरणापासून चांगला लांब उभा राहिलो, देवाशपथ. गोळे फिरवले. समोरची भिंत सरळ लागली. बायका ‘अगं बाई’ म्हणाल्या. डावीकडून गिरकी घेतली, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी घात केला. नकळत एकेक पाऊल मागे सरकत मी तोरणाकडे चाललो होतो, हे मला कळत नव्हतं. जे कळत होतं ते एवढंच की मामाजी माझ्याकडे पाहतायत आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर किंचित कौतुक आहे. मग मी उजवीकडून वळलो.

खांदा आखडला. गोळा डोक्यावरून मागे गेला आणि परत आलाच नाही. दुसरा त्याच्या मागे गेला. मी वर पाहिलं तर दोन्ही मोजे तोरणाला वेटोळे घालून बसलेले आणि दोऱ्यांचे फास माझ्या बोटांत. शहाण्या माणसाने बोटं सोडवली असती. मी ओढलं. तोरण कडकड करत माझ्या डोक्यावर आलं.

तोरण पडलं म्हणजे पोळा फुटला, एवढंच बाजेवाल्यांना माहीत. त्यांनी डफडं बडवलं. बैलांनाही तेवढंच माहीत. रांग उधळली. त्यातल्या दोघांना तोपर्यंत सरकी-ढेपेचा वास लागला होता. दिवसभर पुरणपोळीची वाट पाहत उपाशी उभी असलेली ती जनावरं, त्यांचा काय दोष. ते माझ्या मागे लागले. मी गळ्यात तोरण घेऊन पळत मारोतीच्या पारावर चढलो. पायजमा वाटेत कुठेतरी फाटला. एक मोजा एका बैलाने नेला, दुसरा माझ्या हातात राहिला.

धूळ बसत आली तेव्हा आखर रिकामं वाटलं. मधोमध मामाजी तसेच उभे होते, काठी वर उचललेली, तोडायला वर काही नाही. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही. आयुष्यात मला अनेकदा लाज वाटलेली आहे, पण ती माझ्यापुरती असायची. ही त्यांच्या नव्या फेट्यावर सांडली होती.

‘‘फुटला पोया,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘कोनं फोडला?’’

‘‘जावयानं. यंदाचा मान मोजनीवाल्याचा!’’ पोरं खिदळली. कुणी म्हणालं जावई घरातलाच धरायचा, कुणी म्हणालं जावई पाहुणा, पाहुण्याला कसला मान. माझ्यादेखत माझी हद्द ठरवणं चाललं होतं. मी पारावर फाटका पायजमा मुठीत धरून बसलो होतो आणि त्यात भाग घेण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

तेव्हा डोमाजी पारापासून पुढे गेले. पाठीमागचे हात त्यांनी सोडले आणि बोट दाखवलं. ‘‘बह्याड झाले का तुमी सारे? तिकडं पाहा न.’’

तिकडे तहसीलदार उभा होता. डफडं वाजलं, तोरण पडलं, गावातली झाडून सगळी बैलं पळाली, तो जागचा हलला नव्हता. गळ्याशी बांधलेला भिवऱ्या त्याच्या जिवावर उभा होता.

‘‘मानाची जोडी तोरनाखालून गेली नाही,’’ डोमाजी म्हणाले. ‘‘मंग पोया फुटला कसा काय? बांधा तोरन. सूर्यभान, काठी खाली कर, हात दुखन तुहा.’’ ज्या माणसाकडून मान गेला होता, तो हे बोलत होता. मला पारावरून उडी मारून त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण पायजम्याचा प्रश्न होता.

तोरण माझ्या गळ्यातून काढून गाठी मारून पुन्हा बांधलं. पानं निम्मी गळाली होती. मामाजींनी काठी मारली, तोरण तुटलं, डफडं वाजलं. आणि तहसीलदार हललाच नाही. ‘चाल बाप्पा, चाल’ करून झालं. मागून रेटून झालं. पोळ्याच्या दिवशी बैलाला मारायचं नसतं, शेपटी पिळायची नसते. भिवऱ्या चालायला तयार, तर हा दाव्याने त्यालाही अडवून धरतो. लोक पुन्हा हसायला लागले, आणि आता मामाजींना हसत होते. तहसीलदार मात्र एकाच ठिकाणी बघत होता. बिस्मिल्लाबींची बकरी बघायची, अगदी तस्सा. माझ्या हातातल्या मोज्याकडे.

डोमाजींनी ते ओळखलं. ‘‘जावईबापू, उतरा खाली. या इकडं. फिरवा थे.’’

मी उतरलो. कमरेला कुणाचा तरी शेला गुंडाळला. साऱ्या गावासमोर, बायको बघत असताना, सासू बघत असताना, मी बैलाच्या तोंडासमोर ढेपेने भरलेला मोजा फिरवत मागे मागे चालायला लागलो. फार लांब नेला तर तो थांबायचा, फार जवळ आणला तर मोजाच जायचा. गोळा बरोबर त्याच्या नाकासमोर एका भिंतीवर फिरत राहायला हवा होता. तहसीलदाराने एक पाय उचलला. मग दुसरा. ‘‘बैलासमोर जावई नाचून राह्यला,’’ एक पोरगं ओरडलं. मी ऐकलं. तोरणाच्या खांबापाशी मला मागचं दिसेना, वळणं भाग होतं, आणि वळायला जागा फक्त उजवीकडे होती. मी वळलो. खांदा कळवळला. गोळा भिंतीवरच राहिला. माझ्या आयुष्यातली ती एकमेव खरी गिरकी, आणि कुणी पाहिली नाही, कारण सगळे मानाच्या जोडीकडे पाहत होते. भिवऱ्या, तहसीलदार आणि त्यांच्यामागे मामाजी तोरणाच्या जागेखालून पार झाले. तहसीलदाराने मोजा तोंडात घेतला. मी बोट सोडवलं.

घरी ओवाळणी झाली, सासूबाईंनी बैलांना पुरणपोळी भरवली. मला जेवायला बोलावलं, पण मी पाटावर जाऊन बसू शकलो नाही. गोठ्याचं दार उघडं होतं, आत जाऊन गव्हाणीशेजारी बसलो. थोड्या वेळाने मामाजी कालची लोणी-हळदीची वाटी घेऊन आले. बैलांसाठी आले होते. मला पाहून उभे राहिले.

‘‘मामाजी, मोठं चुकलं माझं,’’ मी म्हणालो. ‘‘एकदाच व्हतं, आन् मी...’’

‘‘सदरा काढा,’’ ते म्हणाले.

त्यांनी माझा उजवा खांदा चोळायला घेतला. तळहात खरबरीत, जोर बैलाच्या हिशोबाचा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते खांद्यामुळे नव्हतं, हे त्यांना कळू नये म्हणून मी गव्हाणीकडे तोंड केलं. तहसीलदार तिथे सावकाश रवंथ करत होता. चोळता चोळता, इतक्या वर्षांच्या सवयीने, मामाजींच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’

आणि हात थांबला. त्यांच्या लक्षात आलं की समोर बैल नाही.

बैलाला या आवतनाचं उत्तर द्यावं लागत नाही. मी खाली मान घालून म्हणालो, ‘‘येतो, मामाजी.’’ त्यांनी थोडं आणखी लोणी घेतलं आणि पुन्हा चोळायला लागले.